आसाच्या शेताचा परवाना

टोक्योतल्या फुनाबोरीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आठवड्यातून दोनदा जपानीचा वर्ग असायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो. एकदा त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुमचे वडील काय करायचे? बाकीच्यांचं सोपं होतं. बँक, शाळा, रेल्वे. माझे वडील साताऱ्यात वैद्य होते आणि आपली औषधं स्वतः बनवायचे. एवढं सांगून मी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेव्हा मला येत होतं नव्हतं तेवढं सगळं जपानी बोलून दाखवायची हौस होती. अडुळसा, गुळवेल, ज्येष्ठमध करत करत मी मोबाइलवर भांगेला जपानी शब्द शोधला आणि भर वर्गात म्हणाले, "ताइमा."

सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुसऱ्या बाईंना प्रश्न विचारला. वर्ग सुटल्यावर मात्र मला सायकली लावायच्या जागेपाशी गाठलं.

"हा शब्द टोक्योत मोठ्याने म्हणायचा नसतो," त्या म्हणाल्या.

मी गडबडले. "माफ करा. आमच्याकडे ते औषधात घालतात. वडिलांकडे सरकारी परवाना होता."

"परवाना?" त्या एकदम थांबल्या. मग आजूबाजूला बघून म्हणाल्या, "माझ्या मोठ्या भावाकडेही आहे. तो तेच झाड लावतो. आम्ही त्याला आसा म्हणतो."

त्या दिवशी मला कळलं की जपानीत या एकाच झाडाला दोन नावं आहेत. आसा म्हटलं की दोर, कापड, देवळातल्या घंटेची जाड दोरी. ताइमा म्हटलं की पोलीस. ज्या देशात गांजाच्या एका सिगारेटपायी माणसाचं आयुष्य उठतं, त्याच देशात काही म्हातारी माणसं बापजाद्यांसारखं ते झाड पेरतात, त्याच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, काढतात आणि देवळांना देतात. असे शेतकरी आता अगदी मोजके उरलेत.

परवाना या शब्दाने आमची मैत्री जुळली असं मी अजूनही म्हणते. वडिलांच्या दवाखान्यात एक छोटं कपाट होतं, त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला. त्यात भांगेचा डबा आणि एक वही. वर्षातून केव्हातरी खात्याचा माणूस यायचा, डबा तोलायचा, वही बघायचा, आणि आई त्याला पोहे द्यायची. त्यामुळे झाड वाईट की चांगलं हा प्रश्न लहानपणी मला कधी पडलाच नाही. ते कुलपात ठेवायचं झाड होतं, एवढंच.

जुलै जवळ आला तसं सेन्सेईंनी विचारलं, "कापणीला याल का? भाऊ-वहिनी दोघंच असतात. उकाडा सोसणारं माणूस हवंय." मी लगेच हो म्हटलं. मग कळलं की मदतनिसांचीही यादी अर्जासोबत द्यावी लागते आणि प्रत्येकाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं की हा इसम अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास ताटात ठेवला.

"अगं, आपला व्हिसा माझ्या कंपनीच्या जिवावर आहे. उद्या कुणी विचारलं, तुमच्या मिसेस काय करतात, तर काय सांगू? गांजाच्या शेतावर मोलमजुरी?"

"सांग, देवळाच्या दोरीसाठी वाख काढते. आणि सगळं सरकारला लिहून देऊन करतेय."

"हेच तर," तो म्हणाला. "लिहून देऊन."

पण आठ दिवसांनी त्यानेच निशी-कसाई भागातला एक दवाखाना शोधून दिला. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही अमली पदार्थ घेता का?" मी नाही म्हटलं. "मग प्रमाणपत्र कशाला?" मी सांगितलं. त्यांचा शिक्का धरलेला हात हवेतच राहिला. असं शेत जपानात आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "उन्हात टोपी घाला."

गाव टोक्योच्या उत्तरेला, गाडी बदलून अडीच तासांवर. स्टेशनवर सेन्सेईंचे भाऊ छोटा पांढरा ट्रक घेऊन यायचे. त्यांना मी ओजीसान म्हणायचे, म्हणजे काका, आणि त्यांच्या बायकोला ओबासान, काकू. ओजीसान तेव्हा सत्तरीचे, बोलके, सतत कशावर ना कशावर वैतागलेले. ओबासान दोन-तीन वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या आणि कामापुरतं बोलणाऱ्या. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी माझं नाव इंदोसान ठेवलं. भारतबाई. पुढे लेक बरोबर यायला लागली तर तिचं नाव पडलं छोटी इंदोसान.

शेत घरामागेच, फार तर अर्धा एकर. भोवती पत्र्याचं उंच कुंपण आणि त्यावर पाटी: चोरण्यात अर्थ नाही, याने नशा होत नाही. तरी एखाद्या उन्हाळ्यात शहरातली पोरं रात्री येऊन शेंडे मोडून नेत. मग ओजीसानना पोलिसात कळवावं लागे, किती झाडं मोडली ते लिहून द्यावं लागे. "चोर ते, आणि जबाब मी द्यायचा," ते म्हणायचे.

त्या शेतात पहिल्यांदा शिरले तो क्षण आठवतो. झाडं माझ्या दुप्पट उंच, एकमेकांना चिकटून उभी, काठीसारखी सरळ. आत हिरवा अंधार आणि वडिलांच्या कपाटाचा वास. मी तिथे जरा वेळ उभीच राहिले. ओबासान मागून आल्या आणि माझ्या हातात हातमोजे दिले.

सकाळी पाचला काम सुरू व्हायचं. झाड मुळासकट उपटायचं, मूळ आणि शेंडा तोडायचा, पाला खरवडून तिथेच मातीत टाकायचा. एक पानही कुंपणाबाहेर न्यायचं नाही, हा नियम. मग जुड्या बांधायच्या आणि उकळत्या पाण्याच्या लांबलचक हौदात बुडवून काढायच्या. हिरव्या काड्या पाण्यातून वर आल्या की रंग बदललेला असायचा, आणि उन्हात आठवडाभर वाळल्या की फिकट सोनेरी व्हायच्या. पानगळीच्या दिवसांत मी परत जायचे तेव्हा त्या भिजवून, मऊ करून, साल सोलायचं काम असे. ओबासान लाकडी फळीवर साल ठेवून बोथट पात्याने एकदाच ओढत. गर बाजूला पडे आणि हातात राही रेशमासारखा चकाकता पट्टा. मी ओढला की तुटायचा. पाच वर्षांनी तुटायचा थांबला तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या. तेवढ्या एका "हं"वर मी टोक्योपर्यंत खुशीत आले.

सोललेल्या पांढऱ्या काड्या ओबोनसाठी जायच्या. पितर घरी येतात ते दिवस. दारात त्या काड्यांचा छोटा जाळ करतात, म्हणजे पितरांना वाट दिसते. आमच्या फुनाबोरीच्या सुपरमार्केटमध्येही त्यांच्या जुड्या मिळतात, पण त्या परदेशातून आलेल्या. मी एखादी जुडी नेली की ओजीसान ती हातात घेऊन वास घ्यायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे.

दर हिवाळ्यात परवान्याचा नवा अर्ज. गेल्या वर्षी किती पेरलं, किती उपटलं, किती वाख निघाला, कुणाला दिला. आणि ते डॉक्टरचं प्रमाणपत्र. "शाळेपासूनचा मित्र आहे तो डॉक्टर," ओजीसान सांगायचे. "दरवर्षी विचारतो, यंदा तरी सुरू केलंस का?" त्या घरात अशी वर्षं आरामात जात होती. मी कापणीला, सोलायला, मध्येच एखाद्या रविवारी नुसतीच. लेक शेताच्या बांधावर टोळ पकडायची. मी मराठीत हाक मारायचे, ती जपानीत ओ द्यायची, आणि ओबासान दोन्हीला हसायच्या.

मग कायदा बदलायच्या बातम्या येऊ लागल्या.

आतापर्यंत या झाडापासून बनलेलं औषध जपानात द्यायला बंदी होती. ती उठणार होती. आणि परवान्याचे दोन भाग होणार होते. एक वाख आणि बियांसाठी, तो प्रीफेक्चरने, म्हणजे प्रांताच्या सरकारने द्यायचा. दुसरा औषधासाठी लागणारं पीक घेणाऱ्यांना, तो थेट केंद्र सरकारच्या मंत्रालयाने. नशेवर मात्र कायदा आणखी कडक.

ओजीसानना एक नात आहे. शेजारच्या शहरात राहते, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आकडी यायची, कधी दिवसातून चार-पाचदा. सगळी औषधं करून झाली होती. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की परदेशात या झाडाच्या अर्काचं औषध आहे, इथे परवानगी मिळाली तर देऊन बघू. ही गोष्ट मला सेन्सेईंकडून कळली. ओजीसान स्वतः त्यावर कधी बोलले नव्हते. पण त्या हिवाळ्यात वाख ओढत बसलो असताना ते एकदम म्हणाले, "इंदोसान, तुमचे वडील याचं औषध करायचे ना? कशावर द्यायचे?"

"झोप न येणं, पोट बिघडणं. थोडंसंच, बाकीच्या औषधांत मिसळून."

"आकडीवर?"

"मला आठवत नाही, ओजीसान. खरंच माहीत नाही."

त्यांनी पुढची साल फळीवर घेतली. मग म्हणाले, "मी दुसऱ्या परवान्याचा अर्ज करणार आहे. आमच्या घराने दोरच वळले इतकी वर्षं. त्या पोरीला लागणारं काही आमच्या जमिनीतून निघालं तर बरं वाटेल." ओबासाननी मान वर केली नाही, पण त्यांचं पातं थांबलं होतं.

नव्या परवान्यांबद्दल सरकारने बोलावलेल्या माहितीसभेला सेन्सेई आणि मीही गेलो. एका हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, समोर पडदा. शेतकरी सात-आठच, बहुतेक ओजीसानच्या वयाचे. मागच्या रांगेत कोट घातलेली तरुण मंडळी, ती कंपन्यांची असावीत. अधिकारी चाळिशीचा, नम्र, एकेक गोष्ट नीट समजावून सांगत होता. औषधाच्या पिकासाठी बंदिस्त जागा. कॅमेरे. कुलपाचं कोठार. प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी. आणि मुख्य म्हणजे, माल घेणाऱ्या औषध कंपनीशी आधी करार.

ओजीसान उठून उभे राहिले. "माझी अर्धा एकर जमीन आहे. औषधाची कंपनी माझ्याशी करार करेल का?"

अधिकाऱ्याने कागद खाली ठेवला. "कायद्याने मनाई नाही," तो म्हणाला.

ओजीसाननी वाकून आभार मानले आणि खाली बसले. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये ते एवढंच म्हणाले, "चांगला माणूस आहे. खोटं बोलला नाही."

दुसरा परवाना त्यांनी सोडून दिला. पण पहिल्यातही एक नवी अट होती. बियाणं असं हवं की त्याच्या झाडात नशा आणणारा घटक ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, आणि ते तपासून सिद्ध करायचं. ओजीसानना त्याची काळजी नव्हती. कुंपणावरची पाटी त्यांनीच लिहिली होती. त्यांच्या बियाण्यात आजवर कधी काही निघालं नव्हतं, कारण तसं कुणी कधी मोजलंच नव्हतं. उन्हाळ्यात नमुने गेले. निकाल आला तो मर्यादेच्या जरासा वर.

त्या बियाण्याने कुणाला नशा चढली नसती, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक होतं. पण रेघ ती रेघ. ते बी पुन्हा पेरता येणार नव्हतं. दुसऱ्या प्रांतातून मान्यताप्राप्त बियाणं घ्यायचं, आणि घरचं उगवणार नाही असं करून टाकायचं, अधिकाऱ्यासमोर.

त्या दिवशी मी गेले होते ती सेन्सेईंच्या सांगण्यावरून. "भाऊ काही खात नाहीये," त्या फोनवर म्हणाल्या, आणि आम्ही दोघी मिळून गेलो. अधिकारी सकाळी आला. लाकडी पेटीतलं बी तोललं, आकडा लिहिला. राखाडी, बारीक, गोल दाणे. ओजीसानचे आजोबा हेच पेरायचे. दर वर्षी सगळ्यात चांगली शंभरेक झाडं उभी ठेवायची, त्यांचं बी धरायचं, असं चालत आलेलं.

"जाळायचं का?" ओजीसाननी विचारलं.

"उष्णता दिली तरी चालेल," अधिकारी म्हणाला. "भाजलेलं बी खाण्याचा पदार्थ धरला जातो. त्याला परवाना लागत नाही."

ओबासान उठल्या. स्वयंपाकघरातून मोठी लोखंडी कढई आणली, अंगणात शेगडी पेटवली आणि पहिली ओंजळ टाकली. बी तडतडायला लागलं. ओजीसान आत निघून गेले. मी ओबासानच्या शेजारी बसले. त्या परतून थकल्या की मी झारा घ्यायचे. तासाभराने अंगणभर असा खमंग वास सुटला की मला घरची आठवण आली, थेट आईच्या हातची. कारळं भाजताना येतो तसाच.

"ओबासान, लसूण आहे? आणि लाल मिरची?"

त्यांनी दोन्ही दिलं. मी खलबत्त्यात भाजलेलं बी, लसूण, मिरची, मीठ जाडसर कुटलं. गरम भातावर घालून पहिली वाटी ओजीसानना आत नेऊन दिली. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी वाटी ठेवून परत फिरले तेव्हा मागून आवाज आला, "हे काय आहे?"

"चटणी. आमच्याकडे तेलबियांची करतात."

त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा म्हणाले, "तिखट आहे फार." वाटी संपवली. अधिकाऱ्याने कामाच्या वेळेत काही घेता येत नाही म्हणून हात जोडले, पण कसली मिरची घातली ते मात्र विचारून घेतलं.

तो गेल्यावर ओजीसान बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "झालं. यंदा अर्ज करायचा नाही. परक्या बियाण्याचं पीक हे आमचं पीक नाही."

ओबासान कढई घासत होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "मग परवाना माझ्या नावावर काढू."

"तुझ्या?"

"मी पण या घरातली नव्हते. बाहेरूनच आले. तुमच्या आईंनी पहिल्या दिवशी हातात पातं दिलं तेव्हा कुणी माझी तपासणी केली नाही." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "नवीन बियाण्याला ही जमीन कळायला दोन-चार वर्षं लागतील. मलाही लागली होती."

सेन्सेईंनी माझ्याकडे बघितलं. मी शेगडीतली राख ढवळत राहिले, कारण मान वर केली असती तर मला रडू आलं असतं. लग्न करून या देशात आलेल्या बाईला हे वाक्य कुठे लागतं ते त्या अंगणात फक्त ओबासानना आणि मला कळत होतं.

अर्ज त्यांच्या नावाने गेला. नकाशा सेन्सेईंनी काढला, बियाण्याचे कागद मी मांडून दिले. ओजीसानचं नाव मदतनिसांच्या यादीत आलं, त्यावर ते महिनाभर कुरकुरत होते. पूर्वी परवाना वर्षाचा असायचा, नव्या नियमांत तो तीन वर्षांचा मिळाला. ओबासाननी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "तीन वर्षं. मी ऐंशी पार करणार हे सरकारनेच लिहून दिलंय." तेव्हा ओजीसान बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

मी आता टोक्योशेजारच्या कावासाकी शहरातल्या एका कंपनीत पूर्ण वेळ नोकरी करते. सुट्ट्या मोजून मिळतात. लेक मोठी झाली, तिला उन्हाळ्यात शाळेचा क्लब असतो, टोळांशी तिचं काही उरलेलं नाही. गेल्या वर्षी मी कापणीला तीन दिवसांची रजा टाकली. नवीन पीक जरा बुटकं आलं होतं, काड्या एकसारख्या नव्हत्या. ओजीसान प्रत्येक जुडीला नावं ठेवत होते आणि ओबासान त्यांना, "तिकडचं टोक धरा," एवढंच सांगत होत्या. गावच्या देवळाला मात्र वाख पुरला.

शेवटच्या दिवशी नात आली होती आईबरोबर. तिला औषध सुरू झालं होतं, परदेशातून आलेलं, छोट्या बाटलीतलं. आकडी अजून येत होती, पण आठवड्यातून एकदा-दोनदा. दुपारी आम्ही सगळे सावलीला बसलो असताना तिला एक आली. तिच्या आईने तिला कुशीवर वळवलं, घड्याळाकडे बघत राहिली. कुणी धावपळ केली नाही. ओजीसाननी आपली गवती टोपी काढून तिच्या चेहऱ्यावर सावली धरली आणि तशीच धरून ठेवली. थोड्या वेळाने ती शांत झाली, मग झोपली.

जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने कलिंगड मागितलं. ओबासान विहिरीत गार करायला ठेवलेलं घेऊन आल्या, आम्ही सगळे ओसरीच्या काठावर पाय सोडून बसलो. नात बिया अंगणात लांब थुंकत होती आणि ओजीसान तिला सांगत होते की पुढच्या वर्षी जरा दाट पेरायचं, म्हणजे झाडं उजेडासाठी वर जातील.